माशीला नाव ठेवताना

किस्से आणि माश्या, एक हाकलावी तर दोन येऊन बसतात. आमच्या मंडळाचे किस्से असेच साठत गेले. कुणीतरी एक सांगायला घेतो, तो संपायच्या आत दुसऱ्याला आणखी दोन आठवतात, आणि सगळ्यांत शेवटी हसू होतं ते माझंच. तेव्हा म्हटलं, दुसऱ्यांनी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा आपणच सांगून टाकावं.

"हल्ली काय करता, सर?" असं कुणी विचारलं, की मी खरं ते सांगतो, "माश्या बघतो." ऐकणारा मात्र "माश्या मारतो" असंच ऐकतो आणि समजुतीने मान हलवतो. रिटायर्ड माणूस, बिचारा आणखी काय करणार!

मी निरगुडसर गावचा. जन्मभर ज्युनियर कॉलेजात बायॉलॉजी शिकवली. घरमाशीचं जीवनचक्र दरवर्षी फळ्यावर काढलं. अंडी, अळी, कोष, माशी. चार चित्रं, चार बाण, मध्ये एक शिंक आणि तास संपला. त्यामुळे माशी या विषयात आपल्याला कुणी काही शिकवू नये, असा माझा पक्का समज होता. मास्तर माणूस, नाकावर माशी बसू देत नसे. खरं सांगायचं तर फळ्यावरची सोडून दुसरी कुठलीच माशी मी नीट पाहिलेली नव्हती.

आमच्या मंडळात आम्ही चौघं. वैशाली मॅडम डिंगोरे गावाच्या बाजूला एका हायस्कूलात विज्ञान शिकवतात. त्या माझ्याच विद्यार्थिनी. घरमाशी त्या माझ्याकडून शिकल्या आणि उरलेल्या सगळ्या माश्या स्वतःच्या स्वतः शिकल्या. बाळूभाऊंचं आळेफाट्याला ट्रकचं गॅरेज आहे. त्यांच्या मोबाइलला चिमट्याने अडकवायचं एक भिंग आहे, त्यातून माशीचा गुडघासुद्धा दिसतो. चौथे कांतिशेठ. फाट्यावरच त्यांचं किराणा-भुसाराचं दुकान. पणजोबा राजस्थानातून आले, पण शेठ मराठी बोलायला लागले की आम्हीच परगावचे वाटतो.

दर रविवारी सकाळी आम्ही कुठल्यातरी शिवारात जातो, वाकून वाकून माश्या बघतो आणि कंबर धरून परत येतो. मंडळाचे नियम दोनच. पहिला कांतिशेठचा, माशी मारायची नाही. जाणकार लोक माशीला टाचणी टोचून ठेवतात म्हणे. आमच्याकडे ते बंद. बघा, फोटो काढा, सोडून द्या. दुसरा नियम बाळूभाऊंचा. इंग्रजी-लॅटिन नावं त्यांच्या तोंडात बसेनात आणि आपल्या मराठीत तर सगळ्यांना सरसकट माशी. म्हणून ठरलं, की जो एखादी माशी पहिल्यांदा बरोबर ओळखेल आणि मॅडम त्यावर होकार देतील, त्याने तिला मराठी नाव द्यायचं. मग जन्मभर मंडळात तेच नाव.

तीन वर्षं झाली. प्रत्येकाच्या नावावर दोन-चार माश्या जमल्या. माझ्या नावावर एकही नाही. मला नाव ठेवायचा हक्क काही मिळाला नाही, मला नावं ठेवायचा मात्र सगळ्यांना मिळाला! तुम्ही हसाल, पण मला त्याचं मनापासून वाईट वाटायचं. एक, फक्त एक माशी आपण ओळखावी आणि आपण ठेवलेलं नाव बाकीच्यांनी घ्यावं, यापलीकडे म्हातारपणी माझं काही मागणं नव्हतं.

* * *

पहिल्याच रविवारची गोष्ट. आमच्या गावाजवळच्या झेंडूच्या मळ्यात गेलो होतो. एका फुलासमोर पिवळी-काळी पट्टेरी माशी अधांतरी उभी होती. मी सगळ्यांना हाताने मागे सारलं. म्हटलं, मधमाशी आहे, अंतर राखा, आणि तिथेच बांधावर उभं राहून मधमाशीचं समाजजीवन सुरू केलं. राणी झाली, कामकरी झाल्या, मधाचे औषधी उपयोग निम्मे झाले.

मॅडमनी मध्येच अदबीने विचारलं, "सर, तिला पंख किती?"

मी न बघताच म्हणालो, "चार."

मॅडम म्हणाल्या, मधमाशीला चार हे बरोबर, पण हिला किती? तोवर बाळूभाऊंनी फोटो काढून मोठा केला होता. पंख दोन. मिशा नावाला. खऱ्या माशीची ओळखच ती, पंखांची एकच जोडी. ही बापडी नुसतं मधमाशीचं सोंग घेऊन फिरत होती, कुणी खाऊ नये म्हणून. डंखही नाही आणि मधही नाही.

बाळूभाऊ भिंगातून बघतच राहिले. म्हणाले, "इंजिन चालू हाय, पन गाडी जाग्याव उभी हाय. न्यूट्रलला टाकलीय राव हिनं."

तेव्हापासून आमच्या मंडळात ती 'न्यूट्रलमाशी'. इतकं चपखल नाव, की मला राग यायलाही जागा उरली नाही. परतताना बाळूभाऊंनी मात्र सांत्वन केलं. म्हणाले, "सर, मधाचं चांगलं सांगितलंत. आमच्या घरी लागतोच."

* * *

कांतिशेठच्या दुकानात गुळाच्या ढेपा असतात, आणि गूळ आला की माश्या आल्या. शेठ त्यांना हाकलतात, पण हळू आवाजात.

एकदा मी त्यांच्याकडे चहाला गेलो असताना एका ढेपेवर राखाडी रंगाची, पाठीवर उभे काळे पट्टे असलेली माशी दिसली. मॅडमनी हिला 'लुंगीवाली' नाव दिलंय, कारण पोटावर लुंगीसारख्या चौकटी असतात. पण मला ती वेगळी वाटली. मला नेहमीच वेगळी वाटते. मी खिशातून भिंग काढलं, चष्मा कपाळावर चढवला आणि ढेपेवर ओणवा झालो. अंगात पांढरा शर्ट, खिशाला पेन.

एक गिऱ्हाईक आत आलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न घेताच बाहेर पडलं. थोड्या वेळाने शेजारच्या दुकानाचं शटर खाली आल्याचा आवाज आला. मग त्याच्या पलीकडचं. समोरच्या हॉटेलवाल्याने भज्यांवर वर्तमानपत्र टाकलं, वर्तमानपत्रावर ताट ठेवलं आणि पोऱ्याला फडकं घेऊन बाकडी पुसायला लावलं. मिठाईवाल्याने तर जिलबी उचलून आतच नेली.

बाहेर येऊन बघतो तो अर्धा फाटा चकाचक! मला फूड इन्स्पेक्टर समजले होते सगळे.

ती माशी लुंगीवालीच निघाली. मी हिरमुसून बसलो, तर कांतिशेठ चहाचा कप पुढे करत म्हणाले, "सर, महिन्यातून एकदा येत जा. फाट्याची तब्येत सुधारेल."

* * *

किस्सा तिसरा काकडीच्या प्लॉटवरचा. गावातल्या एका शेतकऱ्याने मला आदराने बोलावून घेतलं. काकडीवर कसली तरी माशी बसते, काकड्या वाकड्या होतात आणि सडतात, एवढं बघून सांगा म्हणाला. मला कोण आनंद! मंडळातलं कुणी सोबत नव्हतं. म्हणजे ओळखली तर ती माझीच.

माशी बघितली. तांबूस अंग, त्यावर पिवळे पट्टे, कमर बारीक. मी गंभीर झालो. म्हटलं, ही गांधीलमाशीच्या जवळची दिसते, डिवचली तर अंगावर येईल. तोडणीला आलेल्या बायका शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं, पाट्या उचलल्या आणि बांधाच्या पलीकडे जाऊन बसल्या. त्या दिवशी तोडणी झाली नाही.

दुपारी ग्रुपवर फोटो टाकला. मॅडमचं उत्तर लगेच आलं, की ही साधी फळमाशी आहे, तीच काकडीत अंडी घालते, माश्यांना वासाने ओढणारे कामगंध सापळे लावायला सांगा, आणि ती कुणाला चावत नाही. शेवटी हात जोडल्याचं चित्र. माझी विद्यार्थिनी चुका दाखवतानाही संस्कार सोडत नाही.

सापळे लागले, काकडी सुधारली. शेतकरी मला विसरला, बायका विसरल्या नाहीत. अजून मी त्या वाटेने गेलो, की त्यांच्यातल्या एक मावशी काकडी पाटीत टाकता टाकता विचारतात, "सर, आज बी एखादी चावरी माशी दावा की. लई पाठ दुखतीया."

* * *

मॅडमच्या शाळेत विज्ञान दिनाला मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. 'आपल्या परिसरातील माश्या' असा विषय. स्लाइड मॅडमनीच करून दिल्या होत्या. मला फक्त बटण दाबून समोर दिसेल त्याची माहिती कागदावरून वाचायची होती. मक्षिकास्थाने मक्षिका, त्यात चुकायला वाव कुठे?

चांगलं चाललं होतं. न्यूट्रलमाशी झाली, लुंगीवाली झाली. मग एका पानाफुलांच्या चित्रावर कोपऱ्यात मला एक माशी दिसली. कागदावर तिची माहिती नव्हती. पण पाहुणा थांबला तर शोभत नाही. मी काठी लावून दाखवायला लागलो, की ही पाहा, हिचा रंग परिसराशी कसा मिसळून जातो, ही फार लाजाळू, माणसाजवळ कधी येत नाही, डोंगरातच आढळते.

पुढची स्लाइड आली, माशी तिथेच. त्याच्या पुढची आली, तरी तिथेच. मुलं आधी खुसखुसली, मग आडवी व्हायला लागली.

मॅडम माझ्याजवळ आल्या आणि कानात म्हणाल्या, "सर, ती चित्रातली नाही. भिंतीवरची आहे."

घरमाशी होती. जिचं जीवनचक्र मी जन्मभर शिकवलं, ती!

* * *

हे सगळं एक वेळ सोसलं असतं. पण घरातूनच मात होईल असं वाटलं नव्हतं.

मॅडमनी एकदा एका बारक्या माशीचं वर्णन केलं. मुंगीएवढी, करड्या रंगाची, अंगभर लव आणि बसली की पंखांचा आकार बदामासारखा. ओलाव्याच्या जागी सापडते म्हणाल्या. मी ओलावा शोधायला निघालो. ओढे पालथे घातले. लेण्यांच्या टाक्यांवर जाऊन पाण्यात वाकलो, तेव्हा पाय घसरून एक चप्पल आत गेली. नाणेघाटाच्या वाटेवर शेवाळात गुडघे टेकले. माशी काही दिसली नाही. दिसल्या त्या सगळ्या न्यूट्रल.

रविवारी मंडळ आमच्या घरी जमलं होतं. सुलभा, म्हणजे माझी बायको, पोहे घेऊन आली. बाळूभाऊंच्या मोबाइलवर त्या माशीचं चित्र होतं. ते बघून ती म्हणाली, "ही होय? ही तर आपल्या मोरीत असते. रोज सकाळी तुमच्या टॉवेलवर बसलेली असते."

सगळे ताटल्या खाली ठेवून मोरीकडे धावले. भिंतीवर ओळीने बसलेल्या. मॅडमनी पाहिलं, मान डोलावली आणि नियमाप्रमाणे नाव ठेवायचा हक्क सुलभाकडे गेला.

ती क्षणभरही थांबली नाही. म्हणाली, "घरजावई. कितीही पाणी मारा, जात नाहीत."

त्या दिवसापासून ती ग्रुपवर आहे, आणि माझ्यापेक्षा सीनियर आहे.

* * *

एकदा मात्र हातातोंडाशी आलेला घास होता. डिंगोऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात, एका ओळखीच्या घरच्या नाचणीच्या खाचरात आम्ही होतो. घरच्या आजींनी आम्हाला ताक दिलं होतं आणि शहाणीसुरती माणसं वाकून काय शोधतात ते बघत त्या ओट्यावर बसल्या होत्या.

एका कणसावर लांबोडी, दाढीमिशा असलेली माशी बसली होती आणि तिच्या पायांत दुसरी माशी धरलेली. मी पुस्तकात पाहिलं होतं. ही दरोडेखोर जातीची, उडत्या किड्यावर झडप घालणारी. मी कुजबुजत सांगितलं. मॅडम लांब होत्या, त्यांनी खुणेनेच फोटो घ्यायला सांगितलं. फोटोशिवाय होकार नाही. बाळूभाऊ ओणवे झाले, भिंग नेमकं जवळ नेलं, आता बोट टेकवायचं तेवढं बाकी.

आणि मला शिंक आली. साधी नव्हे, मास्तरी. शेवटच्या बाकापर्यंत जाणारी!

माशी गेली, शिकार गेली, कणीसही हललं. बाळूभाऊ तसेच ओणवे राहून माझ्याकडे वळले.

"सर, काम बिगाडलं की लोक म्हनत्यात माशी शिंकली. हितं माशी गप व्हती राव."

ओट्यावरच्या आजी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पुढच्या रविवारी तीच माशी कांतिशेठनी ओळखली.

* * *

आणि आता कांतिशेठच्या गायीचं सांगतो. गौरी त्यांची घरची गाय, दुकानामागच्या गोठ्यात असते. तारेच्या कुंपणाला लागून तिच्या पायाला जखम झाली आणि जखमेत अळ्या पडल्या. गुरांचे डॉक्टर औषध घेऊन आले. औषध ओतलं की अळ्या मरून पडणार, गाय बरी होणार. सरळ काम. पण कांतिशेठ मध्ये उभे राहिले. गौरी उपाशी होती, पाय टेकवत नव्हती आणि शेठचे डोळे भरून आले होते.

ते डॉक्टरांना म्हणाले, "माझी गाय वाचवा. पण हेही जीवच आहेत, माझ्या हातून नको."

डॉक्टरांना पुढच्या दोन गावांना जायचं होतं. ते म्हणाले, मग आधी वेचून काढा, संध्याकाळी येऊन औषध भरतो, त्यापुढे थांबणार नाही. शेठ चिमटा घेऊन बसले. एकेक अळी अलगद उचलायची आणि बिस्किटांच्या बरणीत सोडायची. बरणी धरायला मी, आणि बातमी कळून आलेले मॅडम आणि बाळूभाऊ शेजारी उभे.

बरणी धरल्या धरल्या माझ्यातला मास्तर जागा झाला. गोठ्यात एक चकाकती हिरवी माशी घोंगावत होती, तिच्याकडे बघून मी म्हणालो, या अळ्या हिच्याच. मॅडम म्हणाल्या, लुंगीवालीसुद्धा जखमेत अळ्या सोडते. माशी बाहेर पडल्याशिवाय सांगता येणार नाही. म्हणजे अळ्या वाढवायला हव्यात. शेठनाही त्या जगायलाच हव्या होत्या. सगळ्यांचं एकमत झालं, आणि मग कुणीतरी विचारलं, की त्यांना खायला काय द्यायचं?

कांतिशेठ उठले, हात धुतले आणि म्हणाले, "त्या उपाशी मरू नयेत. बाकी मला काही सांगू नका." आणि दुकानात निघून गेले.

मॅडमना जुन्नरची एसटी दिसली. बाळूभाऊंनी नवसासाठी मटण सोडलं होतं. ते म्हणाले, "नुसता दुकानात गेलो तरी माझं काय खरं न्हाई." उरलो मी. माझ्या गळ्यात वडिलांच्या पश्चात घातलेली तुळशीची माळ. गावच्या भजनी मंडळात पहिल्या रांगेत टाळ धरणारा माणूस मी.

एकच समाधान होतं, की हे आळेफाटा आहे, निरगुडसर नव्हे. इथे आपल्याला कोण ओळखतंय! मी शर्टाचं वरचं बटण लावलं, वरून मफलर गुंडाळला आणि भर उन्हात मटणाच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो. फाट्यावर साऱ्या जिल्ह्याची माणसं गाडी बदलायला उतरतात, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

दुकानात टांगलेल्या मटणावर माश्या होत्या. त्यांनी अंडी घातलेली असली तर बरणीतून कुणाची माशी निघाली हे कसं कळणार? मॅडम लगेच अडवतील. म्हणून मी खणखणीत आवाजात बजावलं, की आत्ता कापलेलंच द्या, मागच्या मांडीचं, माशी बसलेलं मला अजिबात चालणार नाही. दुकानदार खूश झाला. म्हणाला, "पावणं दर्दी दिसत्यात." पुडी हातात आल्यावर मी ती रुमालात गुंडाळली आणि दुसऱ्या हाताने माश्या हाकलत वळलो.

समोर बुवा उभे. आमच्या भजनी मंडळाचे प्रमुख, नाशिकच्या गाडीची वाट बघत. त्यांनी सगळं पाहिलं होतं आणि सगळं ऐकलंही होतं.

"राम कृष्ण हरी, सर," ते म्हणाले.

"राम कृष्ण हरी," मी म्हणालो. एका हातात पुडी, त्यामुळे हात जोडता येईनात. मी खरं ते सांगितलं, की हे माझ्यासाठी नाही, माश्यांच्या अळ्यांसाठी आहे. खरं इतकं पोचट असू शकतं याची मला तोवर कल्पना नव्हती.

बुवांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "आसू द्या, आसू द्या. उतारवयात परकृतीला लागतं."

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. सुलभाने मात्र विश्वास ठेवला. तिचं म्हणणं, इतकं येडपट खोटं तुम्हाला सुचणंच शक्य नाही. पण गावातल्या बायका तिला पाण्याच्या टाकीवर विचारायला लागल्या, की वहिनी, सरांना रस्सा आवडतो का सुक्कं? भजनात मला पहिल्या रांगेतून शेवटच्या रांगेत बसवलं. मी बसलो, की शेजारचा थोडा सरकायचा. मला ते फार लागलं. माझे वडील त्याच देवळात पहिल्या रांगेत उभे राहायचे.

इकडे गौरी पाय टेकवायला लागली. अळ्यांनी खाल्लं, बरणीतल्या मातीत शिरल्या, कोष झाले. आणि एका रविवारी आम्ही सगळे शेठच्या गोठ्यात बरणीभोवती बसलेलो असताना पहिली माशी बाहेर आली. आधी फिकट, चुरगळलेली. मग हळूहळू पंख सरळ झाले, अंग उन्हात चमकायला लागलं. हिरवीगार, डोळे लालबुंद.

मॅडमनी भिंगातून बघितलं, पुन्हा बघितलं. म्हणाल्या, "सर, तुमचं बरोबर आहे."

मी त्यांना परत एकदा म्हणायला लावलं. सांगायला लाज कशाला, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेठनी बरणी मोकळ्या माळावर नेऊन उघडली आणि उडून जाणाऱ्या माश्यांना हात जोडले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. नाव!

नाव मी तीन वर्षं जपून ठेवलं होतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "पाचूमाशी."

"पाचू?" सुलभा म्हणाली. त्या दिवशी गौरीला बघायला म्हणून तीही आली होती. "मटणाच्या दुकानात बसते ती पाचू? मी गावात तोंड लपवत फिरतेय, आणि तुम्ही हिला दागिना करताय. 'माळकरी' ठेवा."

बाळूभाऊ गोठ्याचा खांब धरून खाली बसले. मॅडमनी हसू लपवायला तोंड फिरवलं. मी हक्काचा मुद्दा काढला, तर कांतिशेठ म्हणाले, हक्क तुमचाच, पण नाव हेच बसतंय. ग्रुपवर मतं घेतली. माझं एक सोडून सगळी 'माळकरी'ला.

त्यानंतरच्या एकादशीला दुपारचं भजन होतं. मी आपला शेवटच्या रांगेत. भजन झालं, प्रसादाची केळी पुढे आली, आणि एक माशी येऊन वरच्याच केळ्यावर बसली. बुवांनी ती हाकलली नाही. बहुतेक त्यांना माझी दया आली असावी, किंवा काय खरं-खोटं ते एकदाचं बघायचं असावं. त्यांनी मला पुढे बोलावलं. पहिल्या रांगेत जागा करून दिली.

"सर, तुमचा माश्यांचा अभ्यास खरा आसंल, तर समद्यांसमोर सांगा. हिला काय म्हनत्यात?"

मी पाहिलं. हिरवी, चकाकती, डोळे लाल. भिंग नको, फोटो नको, मॅडम नकोत. आयुष्यात पहिल्यांदा मला कणभरही शंका नव्हती.

"माळकरी," मी म्हणालो.

बुवांचा हात हळूच स्वतःच्या गळ्यातल्या माळेकडे गेला.